ओढा डाव्या हाताला

२ सप्टेंबर

ही वही नवऱ्याने बस सुटता सुटता खिडकीतून माझ्या हातात कोंबली. म्हणाला, "रोज लिही. अप्पा कुठे गोंधळतात, काय विसरतात, सगळं तारखेसकट. नुसतं तोंडी सांगितलं तर ते मानत नाहीत." अप्पा शेजारच्याच सीटवर होते, पण दुसरीकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं.

तर लिहिते. अप्पा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात, आणि सुट्टी मिळाली की डोंगर. या डोंगररांगेच्या माथ्यामाथ्याने जी सोळा दिवसांची पायवाट जाते, जिला सगळे नुसतं 'लांब वाट' म्हणतात, तिचं मार्गदर्शक पुस्तक अप्पांचं आहे. आमच्या घरच्या छापखान्यातून त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. छापखाना आता नवरा बघतो. संपादन, प्रुफं, पानांची जुळणी माझ्याकडे, गेली अकरा वर्षं. वाट मात्र मी कधी पायाखाली घातलेली नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते, तेवढीच माझी चढण.

गेल्या वर्षी एक बाई, टपाल वाटणारी, पुस्तकात छापलंय तशी गेली आणि कड्यावरून खाली पडली. दोन दिवस तिथेच पडून होती. खुब्याचं हाड मोडलं. पान बासष्टवर 'ओढ्याच्या डावीकडून वर चढा' असं आहे आणि खरी वाट ओढ्याच्या उजवीकडून आहे. आम्ही उरलेल्या प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. घरात अप्पांना कोणी काही बोललं नाही. पण त्यांनी गॅस बंद केला की मी पुन्हा जाऊन बघते, आणि ते औषध घेतलं म्हणाले की नवरा गोळ्या मोजतो.

सहावी आवृत्ती नवरा स्वतःच्या नावावर काढणार आहे. अप्पांनी हो म्हटलं. अट एकच. "आधी मी एकदा वाट चालून येणार, आणि सूनबाई बरोबर येईल." मुलगा नाही, सून! का म्हणून विचारायची सोय नाही.

३ सप्टेंबर

पुस्तकात पहिल्या टप्प्याला 'सोपी सुरुवात' म्हटलंय. हे दोन शब्द मीच पाच वेळा तपासले होते. नऊ तास लागले. दोन्ही टाचांना फोड. सॅकचा पट्टा खांद्यात रुततो आणि पाण्याची बाटली अशा कप्प्यात आहे की तिथे माझा हात पोचत नाही. दर वेळी अप्पांना म्हणावं लागतं, "जरा पाणी काढून देता?"

आणि अप्पांची चाल! शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचा. मध्येच थांबून वहीत लिहायचं. मी पुढे गेले तर हाक, मागे राहिले तर हाक.

मुक्कामाच्या निवाऱ्यावर पोचल्यावर म्हणाले, "चौदा नाही, साडेपंधरा किलोमीटर झाले." मी म्हटलं, पुस्तकात चौदा आहेत. "ते पूल होता तेव्हाचे." मी लिहायला घेतलं, 'अंतराचा अंदाज राहिलेला नाही'. तेवढ्यात निवारा सांभाळणारी बाई सूप वाढता वाढता म्हणाली, पूल वाहून गेल्यापासून सगळ्यांनाच दीड किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणजे या वेळी जमलं.

पण एक गोष्ट. ते झोपायला गेले तेव्हा त्यांची वही बाहेरच्या बाकावर उघडीच राहिली होती. चालताना लिहितात ती नव्हे, जुनी वही, पाचव्या आवृत्तीच्या वेळची. मी मिटून त्यांच्या सॅकमध्ये ठेवली. ही पहिली नोंद.

५ सप्टेंबर

निवाऱ्यावर आज एक जोडपं होतं, दोघंही दंतवैद्य. बोलकी माणसं. त्यातल्या तिने माझ्या हातातलं पुस्तक बघून विचारलं, "हेच का हो ते, ज्याच्यामुळे ती बाई पडली?"

मी काहीतरी पुटपुटले. अप्पा समोर बटाटे सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हो, हेच. मीच लिहिलंय."

 दंतवैद्यबाईंनी सगळ्यांना सुकी जर्दाळू वाटली. मला इतका राग आला! तिचा आला की अप्पांचा, ते सांगता येत नाही. 'आम्ही चिठ्ठी लावली आहे' एवढं म्हणायला काय हरकत होती? मी ते म्हणून टाकलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा बटाटा घेतला.

पुस्तकात प्रत्येक टप्प्याच्या शेवटी 'जमेच्या बाजू' आणि 'उण्या बाजू' असतात. माझ्या आजच्या लिहून ठेवते. जमेची: खाली बसता आलं. उण्या: चढ, उतार, चढाआधीचा चढ, डास, ओले मोजे, संडासाला कडी नाही, सासरे.

वही पुन्हा बाकावर. पुन्हा उघडी.

६ सप्टेंबर

दुपारी पाणी संपलं. अप्पा म्हणाले, "त्या दुभंगलेल्या खडकामागे झरा आहे." मी पुस्तक काढून दाखवलं. या टप्प्यात पाणी नाही असं स्पष्ट लिहिलंय. ते म्हणाले, "मी लिहिला होता." मी म्हटलं, "अप्पा, नाहीये. बघा, छापलेलं बघा." ते पुस्तकाकडे न बघता सरळ खडकामागे गेले आणि बाटल्या भरून घेऊन आले.

पाणी गार होतं, हे कबूल. झऱ्याचं वाक्य कदाचित चौथ्या आवृत्तीत असेल. पाचवीत मी पुष्कळ काटछाट केली होती. अप्पांची वाक्यं म्हणजे मालगाडी, डबे संपतच नाहीत. माझा हात फिरला म्हणून ते पुस्तक खिशात मावतं. परीक्षणांत 'नेमकी भाषा' म्हणून कौतुक झालं ते अप्पांचं, पण मला माहीत होतं कुणाचं ते.

८ सप्टेंबर

पाऊस. चालणं. पाऊस. लिहिण्यासारखं काही नाही, आणि वहीची पानं एकमेकांना चिकटली आहेत.

९ सप्टेंबर

आज माथा. सकाळी ढग खाली राहिले आणि आम्ही वर. दोन्ही बाजूंना पांढरं सपाट पसरलेलं आणि मधून एखाद्या उंटाच्या पाठीसारखी वाट. मी थांबले. फोड, खांदा, सगळं मिनिटभर विसरले. अप्पा म्हणाले, "इथे मला शब्द सुचले नाहीत, म्हणून पुस्तकात नुसतं 'दृश्य चांगले' लिहिलंय." मला हसू आलं. त्यांनाही आलं. एका तासात ढग वर आले आणि पुढचे पाच तास आम्ही एकमेकांची सॅक बघत चाललो. जमेची बाजू एक तास, उणी पाच तास. या वाटेचा हिशोबच असा आहे.

संध्याकाळी रेंज मिळाली. नवरा म्हणाला, "मग? गोंधळतात का?"

"वही दोनदा बाहेर विसरले. उघडीच."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. झऱ्याचं आणि पुलाचं सांगायचं राहून गेलं. म्हणजे, रेंज होती. मीच सांगितलं नाही.

११ सप्टेंबर

आज ती जागा आली.

 जंगल संपलं तसे अप्पा झपाझप पुढे गेले आणि ओढ्याकाठी जाऊन उभे राहिले. इथे चार वर्षांपूर्वी दरड कोसळली, जुनी वाट बुजली, खुणेचे पट्टे रंगवलेले दगडही गेले. म्हणून पाचव्या आवृत्तीसाठी अप्पांनी हा टप्पा पुन्हा चालून नव्याने लिहिला होता. ओढ्याच्या पलीकडे, म्हणजे वर तोंड केलं की डाव्या अंगाला, एक मळलेली ठळक वाट दिसते. गुरांची असावी. ती वर जाऊन कड्यावर संपते. अलीकडून, उजव्या अंगाने, जी अंधुक रेघ जाते ती खरी.

अप्पांनी मला जवळ बोलावलं. "वर तोंड करून उभी राहा. अशी. आता सांग, ओढा तुझ्या कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या."

"आणि तू ओढ्याच्या कुठल्या अंगाला?"

"उजव्या. अप्पा, हे काय? शाळा आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "मला फक्त दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं."

ते बराच वेळ ओढ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. मला भीती वाटली. त्यांना डावं-उजवं कळेनासं झालंय की काय, मला विचारून खात्री करून घेत होते की काय? हे मात्र नवऱ्याला सांगायला हवं. मग मी कड्याच्या दिशेने पाहिलं. इथून तो कडा दिसतसुद्धा नाही. दिसते ती छान रुंद वाट. मी एकटी असते तर मीही तिनेच गेले असते.

१२ सप्टेंबर

पावसामुळे आज निवाऱ्यावरच मुक्काम. दुपार. अप्पा शेगडीपाशी मोजे वाळवत बसले आहेत. 

त्यांची जुनी वही टेबलावर होती. उघडी, माझ्या चष्म्याच्या घराखाली. मी मिटायला गेले. पण लिहिलेलं काही समोर आलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही, तो धंदाच आहे माझा. अप्पांचं अक्षर मोजणीखात्यातलं, एकही काना इकडचा तिकडे नाही. लिहिलं होतं:

'ओढा ओलांडू नये. ओढा डाव्या हाताला ठेवून तसेच वर चढावे. पलीकडे जी ठळक वाट दिसते ती फसवी आहे, ती कड्यावर जाऊन संपते.'

तीनदा वाचलं. शाई तीच, खाडाखोड नाही, तारीख चार वर्षांपूर्वीची.

पान बासष्ट मला आठवतं. सगळंच आठवतं. दोन ओळी खाली सांडत होत्या. त्या सांडल्या की पुढचं प्रकरण एका पानाने सरकणार, नकाशे सरकणार, आणि यंत्र रिकामं उभं होतं. नवरा दारात येऊन दोनदा विचारून गेला होता, "झालं का?" मी वाक्य आवळलं. 'ओढा डाव्या हाताला ठेवून' ऐवजी 'ओढ्याच्या डावीकडून'. फसव्या वाटेचं वाक्य काढलं, कारण योग्य वाट सांगितल्यावर चुकीची कशाला सांगायची? पान नीट बसलं. मला बरं वाटलं होतं, हेही आठवतं.

तेव्हा अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्यावर पट्टी. मी प्रुफं घेऊन गेले आणि विचारलं, "वाचून दाखवू का?" ते म्हणाले, "तू पाहिलंस ना? मग झालं." आणि सही केली.

शेगडीपाशी ते मोजा उलटा करून बघतायत, वाळला का म्हणून.

१३ सप्टेंबर

चाललो. बोललो नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "पाय दुखतायत का?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

१४ सप्टेंबर

रेंज होती. नवऱ्याने सांगितलं, मुखपृष्ठ तयार झालं. त्याचं नाव मोठ्या अक्षरांत. अप्पांचं आत, ऋणनिर्देशात. "आणि त्यांच्या गोंधळाचं तू लिहितेयस ना? म्हणजे नंतर बोलायला नको."

मी म्हटलं, "आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

सांगून काय होणार आहे? बाई पडली ती पडली. अप्पांनी तसंही मान्य केलंय. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना आणखी पुस्तकं लिहायची नाहीत. मला अजून वीस वर्षं काम करायचंय. माझ्या हाताखालून गेलेलं पुस्तक उद्या कोण घेईल?

हे लिहिलं आणि आता वाचवत नाही. खोडणार नाही. आजवर खोडलं तेवढं पुरे.

१५ सप्टेंबर

सांगितलं.

दुपारी एका सपाट दगडावर पाव खात बसलो होतो. मी म्हटलं, "अप्पा, पान बासष्टवरचं वाक्य माझं आहे."

ते चावत राहिले.

"तुमच्या वहीत बरोबर होतं. मी दोन ओळी कापल्या, त्यात डावं-उजवं झालं."

"कधी वाचलंस?"

"बारा तारखेला."

"म्हणजे तीन दिवस झाले."

"हो."

त्यांनी उरलेला पाव फडक्यात गुंडाळला, हळूहळू, चारही कोपरे आत घेऊन. "मी इथे पहिल्या दिवसापासून ती वही उघडी ठेवतोय. घरी वर्षभर ठेवत होतो. एकदा तुझ्या टेबलावर ठेवली. तू ती उचलून खालची धूळ पुसलीस आणि परत ठेवलीस."

माझं डोकंच फिरलं. रडू यायला हवं होतं, पण आला राग. "मग तोंडाने का नाही सांगितलंत? परीक्षा घेत होतात का माझी? वर्षभर! मी रोज तुम्हाला चहा देत होते, एकदा म्हणाला असतात, अगं, ही चूक तुझी आहे."

"कोणाला सांगणार? एक जण गोळ्या मोजतोय, दुसरी तारखेसकट लिहितेय. मी म्हटलं असतं, मी बरोबर लिहिलं होतं. तुम्ही म्हणाला असतात, अप्पांना आता आठवत नाही."

बसमध्ये त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

आम्ही असंच म्हणालो असतो. अगदी याच शब्दांत.

१६ सप्टेंबर

अप्पा आज एक शब्द बोलले नाहीत. खडे मोजले नाहीत, वहीत लिहिलं नाही. भराभर चालत होते, मला गाठता येईना. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि मी मागून धापा टाकतेय. उतारावर मी दोनदा घसरून बसले, ते वळले नाहीत. एकदा वळले, पण मी उठलेय एवढं बघून पुन्हा पुढे.

मला त्यांचा अजून राग येतोय. चूक माझी, आणि रागही माझाच! याला काय म्हणावं? पण खरं तेच लिहिते. वर्षभर परीक्षा घेतल्यासारखी वही उघडी टाकायची आणि सून नापास होते का ते बघत बसायचं, हा कुठला न्याय?

१७ सप्टेंबर

सकाळी बूट बांधता बांधता स्वतःच बोलले.

"परीक्षा नव्हती ती. आधी वाटायचं, तू स्वतःहून बघशील. तू बघेनास, तेव्हा राग आला. मग, चार-सहा महिन्यांनी, मलाच शंका यायला लागली. मुलगा म्हणतो, सून म्हणते, शेजारी हळू बोलतात. वाटलं, खरंच मीच चुकीचं लिहिलं असेल आणि मागाहून वहीत नीट केलं असेल. आठवत नसेल. रोज ते पान बघायचो, शाई बघायचो. म्हणून म्हटलं जागेवर जाऊ. आणि वाक्य जिने छापलं तिला बरोबर नेऊ."

म्हणजे ओढ्याकाठी त्यांनी मला विचारलं ते खात्री करायलाच. भीतीही खरी होती. फक्त ती मी त्यांच्या डोक्यात घातली होती, मी आणि नवऱ्याने मिळून.

मी म्हटलं, "अप्पा, मला..." 

"सही माझी आहे," ते म्हणाले. "एका डोळ्याने का होईना, वाचायला हवं होतं. ते तुझ्यावर ढकलणार नाही मी. पण तुझं तू घे."

"घेते."

"बूट नीट बांध. त्या गाठीनेच फोड येतात तुला. दोन आठवडे बघतोय."

"दोन आठवडे बघताय आणि आज सांगताय?"

यावर ते हसले. मीही. मग त्यांनी वाकून गाठ बांधून दाखवली.

दुपारी नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "हे आता बाहेर कोणाला सांगायची गरज आहे का? चिठ्ठी तर लावली आहे."

"त्या बाईला सांगायचं आहे. परवा तिच्याच गावात पोचतोय."

"छापखान्याचं नाव जाईल."

"अप्पांचं जात होतं तेव्हा तू मुखपृष्ठ करून घेत होतास."

तो म्हणाला, "तेव्हा मला काय माहीत होतं?" त्यालाही माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत करून घ्यायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती. मी म्हटलं, "मुखपृष्ठ थांबव," आणि त्याचं हो-नाही यायच्या आत खरंच रेंज गेली.

१९ सप्टेंबर

वाट संपली. शेवटचा टप्पा डांबरी रस्त्यावरून, कुंपणं आणि गॅरेज. इतके दिवस चालून असा शेवट! कमान नाही, पाटी नाही, एका गोदामाच्या भिंतीवर शेवटचा पट्टा. मी त्याला हात लावला, रंग हाताला लागला. नुकताच कोणीतरी लावला होता.

ती बाई याच गावच्या टपाल कार्यालयात असते. पूर्वी पायी टपाल वाटायची, आता काउंटरवर बसते. अप्पांनी तिला वर्षभरात तीन पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नव्हतं.

रांग होती. अप्पा रांगेत उभे राहिले, मी त्यांच्या मागे. काउंटरपाशी पोचलो तेव्हा तिने शिक्का मारता मारता विचारलं, "पाकीट की पार्सल?" माझ्याच वयाची, केस बारीक कापलेले, खुर्चीला काठी टेकवलेली.

अप्पांनी आपण कोण ते सांगितलं. तिचा शिक्क्याचा हात थांबला. "पत्रं मिळाली. उत्तर द्यावंसं वाटलं नाही."

"ते वाक्य यांचं नव्हतं," मी म्हटलं. "मी बदललं होतं."

"सही माझी होती," अप्पा म्हणाले.

ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मागचा माणूस घसा खाकरत होता. "तुम्ही दोघं आधी बाहेर जाऊन ठरवा," ती म्हणाली. "माझी जेवणाची सुट्टी एकला होते."

एक वाजता ती बाहेर आली. दारापासून बाकापर्यंत दहा पावलं असतील, तिला वेळ लागला. मी बघू नये म्हणून बुटांकडे बघत बसले. तिने डबा उघडला आणि जेवता जेवताच ऐकून घेतलं. मी सगळं सांगितलं, यंत्र रिकामं उभं होतं तेही. ते सांगताना कारण म्हणून सांगत होते, पण बाहेर पडलं तेव्हा फारच लहान वाटलं.

"रोज अकरा किलोमीटर चालायचे मी," ती म्हणाली. "चौदा वर्षं. कुठल्या घरचं कुत्रं चावतं आणि कुठलं नुसतं भुंकतं, सगळं पाठ. आता दुसरा जातो. चुकीच्या दारात पत्रं टाकतो, लोक मला येऊन सांगतात." मग म्हणाली, "माफ वगैरे करायला सांगू नका. मला ते येत नाही."

"नाही सांगणार," अप्पा म्हणाले.

"आता काय लिहिणार आहात?"

मी वही उघडून अप्पांचं वाक्य वाचून दाखवलं. ओढा ओलांडू नये, ओढा डाव्या हाताला, पलीकडची वाट फसवी. पूर्ण, एकही शब्द न गाळता. मला वाटलं, आता तरी ती मान हलवेल.

तिने घास संपवला. "हेही चुकीचं आहे."

अप्पा ताठ झाले. "कुठे?"

"जंगलातून बाहेर पडल्यावर ओढा दिसत नाही. झाडीखाली आहे, नुसता ऐकू येतो. डोळ्यांना आधी दिसते ती वाट. माणूस वाट बघून चालायला लागतो, पाय ओले झाले की त्याला कळतं ओढा होता. तोवर तो ओलांडलेला असतो. मग तुमचं वाक्य वाचून काय उपयोग?"

"पण आम्हाला तर दिसला," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत होता म्हणून दिसला."

 मला आठवलं, त्या दिवशी जंगल संपताच अप्पा तडक ओढ्याकडे गेले होते आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत मागोमाग. मी वाट बघितलीच नव्हती. पुढे जाणारा माणूस बघितला होता.

अप्पांनी खिशातून पेन्सिल काढली. "सांगा," ते तिला म्हणाले, "जंगलातलं शेवटचं झाड कुठलं? तिथून किती पावलांवर वाट दिसते?"

"पावलं नाही मोजली मी. मी फिरायला गेले होते."

"मग जाऊन मोजायला हवीत," अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता माझ्या उत्तराची वाट बघत बसले.

अर्धा दिवस बस आणि वर एका दिवसाची चढण. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. उद्या घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं, या एका विचारावर मी गेले पाच दिवस चालले आहे.

"तिकडची बस किती वाजता आहे?" मी विचारलं.

"सहाला," टपालवाली म्हणाली. "उशीर करते कधीकधी, पण तुम्ही वेळेवर या."

एक वाजून चाळीस मिनिटांनी ती उठली. मी हात पुढे केला, तिने काठी घेतली. दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळून म्हणाली, "लिहून झालं की मला पाठवा."

"नवी आवृत्ती निघाली की पहिली प्रत तुम्हालाच," मी म्हटलं.

"प्रत नको. छापायच्या आधी पाठवा."